सल्ला: ‘दॅट’ दिसला की नाऊन क्लॉज असतोच का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी पदवीपर्यंत शिकून सध्या पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका वाचक भगिनीने हे पत्र पाठवले आहे. त्यांचे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले. इंग्रजी व्याकरणातील बाकीची प्रकरणे त्यांनी नेटाने पार केली, पण नाऊन क्लॉजपाशी, म्हणजे मोठ्या वाक्यात नामाचे काम करणाऱ्या उपवाक्यापाशी, त्यांचे घोडे अडले आहे. शिकवणीतील सरांनी एक तक्ता पाठ करून घेतला होता: ‘दॅट’ आला की नाऊन क्लॉज, ‘हू’ किंवा ‘विच’ आला की ॲडजेक्टिव्ह क्लॉज (नामाचे विशेषण होणारे उपवाक्य), ‘व्हेन’, ‘व्हेअर’ किंवा ‘इफ’ आला की ॲडव्हर्ब क्लॉज (केव्हा, कुठे, कोणत्या अटीवर हे सांगणारे उपवाक्य). तक्ता तोंडपाठ असूनही सराव परीक्षेत त्यांची तीन वाक्ये चुकली. ‘टेल मी व्हेन ही विल कम’ यातील उपवाक्य त्यांनी ॲडव्हर्ब क्लॉज ठरवले, उत्तर निघाले नाऊन क्लॉज. ‘आस्क हू इज ॲट द डोअर’ यात ‘हू’ पाहून त्यांनी ॲडजेक्टिव्ह लिहिले, तेही नाऊनच निघाले. ‘द न्यूज दॅट ही टोल्ड मी वॉज फॉल्स’ यात ‘दॅट’ पाहून त्यांनी नाऊन लिहिले, तर उत्तर ॲडजेक्टिव्ह होते. शिवाय लेखी उत्तरात ‘आय डोन्ट नो व्हेअर डज ही लिव्ह’ असे लिहिल्याबद्दल गुण कापले गेले. सरांचे म्हणणे असे की मराठीत विचार करणे सोडल्याशिवाय इंग्रजी येणार नाही. खोलीतील मैत्रीण सांगते की व्याकरण गुंडाळून ठेव आणि इंग्रजी मालिका पाहा. तिसरा मार्ग म्हणजे नवी, महागडी शिकवणी लावणे. पत्राच्या शेवटी त्या विचारतात: “माझा पायाच कच्चा आहे का, आणि या तिघांपैकी कोणाचे ऐकू?” ताजा कलम म्हणून त्यांनी आणखी एक शंका जोडली आहे: वाक्यात ‘दॅट’ लिहिलाच नसेल, तर त्यात नाऊन क्लॉज आहे असे म्हणायचे की नाही?

उत्तर

तुमची तिन्ही वाक्ये एकाच कारणाने चुकली आहेत, आणि त्या कारणाचा तुमच्या माध्यमाशी काहीही संबंध नाही. तुम्ही तक्ता प्रामाणिकपणे लावलात, पण तक्ताच अर्धा आहे. इंग्रजीत उपवाक्य कोणत्या शब्दाने सुरू होते यावरून त्याचा प्रकार ठरत नाही. ते उपवाक्य मोठ्या वाक्यात कोणत्या जागी बसले आहे आणि तिथे कोणाचे काम करते आहे, यावरून तो ठरतो. ज्याने तक्ता अर्धवट पाठ केला आहे त्याचे एखादे उत्तर चुकून बरोबर येते, आणि ज्याने तो चोख पाठ केला आहे त्याची उत्तरे चोखपणे चुकतात. तुमचे तेच झाले आहे. म्हणून ‘पाया कच्चा’ हे तुम्ही स्वतःवर मारलेले शिक्के आधी पुसून टाका.

एकच शब्द घेऊन पाहू. ‘आय नो व्हेअर ही लिव्ज्’, ‘द हाउस व्हेअर ही लिव्ज् इज ओल्ड’ आणि ‘वेट व्हेअर आय कॅन सी यू’. तिन्ही उपवाक्ये ‘व्हेअर’नेच सुरू होतात, पण पहिले नाऊन, दुसरे ॲडजेक्टिव्ह आणि तिसरे ॲडव्हर्ब क्लॉज आहे. आता प्रत्येक उपवाक्यावर बोट ठेवून ते झाका आणि उरलेले वाचा. ‘आय नो’ एवढेच उरले तर ‘काय माहीत आहे?’ हा प्रश्न लोंबकळत राहतो. त्या रिकाम्या जागी ‘समथिंग’ किंवा ‘इट’ बसते, म्हणजे ती जागा नामाची आहे. ‘द हाउस इज ओल्ड’ हे वाक्य स्वतःच पुरे आहे. झाकलेला भाग फक्त कोणते घर ते सांगत होता आणि ‘हाउस’ या नामाला चिकटून उभा होता. ‘वेट’ हीसुद्धा पुरी आज्ञा आहे. झाकलेल्या भागाच्या जागी ‘देअर’ बसतो, ‘समथिंग’ बसत नाही. तिन्ही प्रकार एवढ्यावर वेगळे होतात. तक्त्याने मात्र या तिन्ही वाक्यांना एकच शिक्का मारला असता.

आता मराठीत विचार करण्याचा प्रश्न. इंग्रजी बोलताना प्रत्येक वाक्य आधी मनात मराठीत रचून मग उलथवणे वेगाला मारक आहे, इतपत सरांचे म्हणणे मला मान्य आहे. पण उपवाक्य ओळखण्याच्या कामात मराठी हे तुमच्या हातातले सर्वांत चांगले साधन आहे, आणि नेमके तेच तुम्हाला खाली ठेवायला सांगितले गेले. वरची तीन वाक्ये मराठीत आणून पाहा: ‘तो कुठे राहतो हे मला माहीत आहे’, ‘तो जिथे राहतो ते घर जुने आहे’, ‘तू मला जिथे दिसशील तिथे थांब’. इंग्रजीने तिन्ही ठिकाणी ‘व्हेअर’ वापरून जो भेद दडवला, तो मराठीने दोन रीतींनी उघडा केला आहे. एक म्हणजे नाऊन क्लॉजमध्ये मराठी प्रश्नाचा शब्द वापरते, ‘कुठे’. इतर दोन्हींत ‘ज’ने सुरू होणारा शब्द येतो, ‘जिथे’. दुसरे म्हणजे मुख्य वाक्यात मराठी एक खूण ठेवते: नाऊन क्लॉजसाठी एकटा ‘हे’, ‘ते’ किंवा ‘असे’, ॲडजेक्टिव्ह क्लॉजसाठी नामासकट ‘ते घर’, आणि ॲडव्हर्ब क्लॉजसाठी ‘तिथे’, ‘तेव्हा’, ‘तसे’, ‘तर’.

कोण आणि जो, केव्हा आणि जेव्हा, कुठे आणि जिथे, कसे आणि जसे असे शब्दांचे दोन स्वतंत्र संच मराठी माणूस शाळेत जायच्या आधीपासून अचूक वापरत असतो. इंग्रजी ‘हू’, ‘व्हेन’, ‘व्हेअर’ हे शब्द मात्र दोन्ही संचांचे काम एकट्याने करतात. त्यामुळे तुम्हाला शंका येईल तेव्हा वाक्य मराठीत आणा आणि कोणत्या संचातला शब्द तोंडी आला ते पाहा.

तुमची चुकलेली वाक्ये आता आपोआप सुटतात. ‘आस्क हू इज ॲट द डोअर’ म्हणजे ‘दारात कोण आहे ते विचार’. इथे ‘कोण’ आला आणि पुढे एकटा ‘ते’ आला, म्हणून नाऊन क्लॉज. त्याच्या शेजारी ‘द मॅन हू इज ॲट द डोअर इज माय अंकल’ ठेवा: ‘दारात जो माणूस उभा आहे तो माझा काका आहे’. इथे ‘जो माणूस’ आला, म्हणून ॲडजेक्टिव्ह.

‘टेल मी व्हेन ही विल कम’ म्हणजे ‘तो केव्हा येणार आहे ते मला सांग’. याउलट ‘टेल मी व्हेन ही कम्स’ याचा सहज अर्थ ‘तो येईल तेव्हा मला सांग’, म्हणजे तो आल्यावर मला कळव. या जोडीत इंग्रजीनेही स्वतःची एक खूण ठेवली आहे आणि ती परीक्षेत फार उपयोगी पडते. वेळ किंवा अट सांगणाऱ्या ॲडव्हर्ब क्लॉजमध्ये भविष्याची गोष्ट असली तरी इंग्रजी ‘विल’ वापरत नाही, साधा वर्तमानकाळ वापरते. नाऊन क्लॉजमध्ये मात्र ‘विल’ खुशाल येतो. ‘आय डोन्ट नो इफ ही विल कम’ म्हणजे ‘तो येईल की नाही हे मला माहीत नाही’, नाऊन क्लॉज. ‘इफ ही कम्स, आय विल टेल हिम’ म्हणजे ‘तो आला तर मी त्याला सांगेन’, ॲडव्हर्ब क्लॉज. तेव्हा ‘व्हेन’ किंवा ‘इफ’च्या नंतर भविष्यकाळाचा ‘विल’ दिसला, तर आधी नाऊन क्लॉजचा संशय घ्यावा. उलट बाजूने मात्र हा नियम ताणू नये, कारण ‘टेल मी व्हेन ही कम्स’ याचा ‘तो रोज केव्हा येतो ते सांग’ असाही अर्थ काढता येतो. असे दुहेरी वाक्य संदर्भाशिवाय विचारणे हा प्रश्न काढणाऱ्याचा दोष मानावा.

तिसरे वाक्य सर्वांत अवघड होते. ‘द न्यूज दॅट ही टोल्ड मी वॉज फॉल्स’ आणि ‘द न्यूज दॅट ही हॅज रिझाइन्ड इज फॉल्स’ ही दोन्ही वाक्ये बाहेरून जुळ्यासारखी दिसतात. फरक उपवाक्याच्या आत आहे. पहिल्यात ‘ही टोल्ड मी’ एवढेच वाचले तर त्याने काय सांगितले ते गायब आहे, कारण ‘दॅट’ स्वतःच त्या बातमीच्या जागी उभा आहे. तिथे ‘विच’ घातला तरी चालतो. दुसऱ्यात ‘ही हॅज रिझाइन्ड’ हे आतून पुरे वाक्य आहे, ‘दॅट’ नुसता जोडणारा आहे, आणि ‘विच’ घातला तर वाक्य मोडते. मराठीत पहिले होते ‘त्याने मला जी बातमी सांगितली ती खोटी होती’, आणि दुसरे ‘त्याने राजीनामा दिला ही बातमी खोटी आहे’. ‘जी बातमी’ म्हणजे कोणती बातमी ते सांगणारे विशेषण, आणि ‘ही बातमी’ म्हणजे बातमीचा मजकूरच. ‘फॅक्ट’, ‘न्यूज’, ‘रूमर’, ‘बिलीफ’, ‘होप’, ‘आयडिया’ अशा नामांच्या नंतर ‘दॅट’ आला की ही तपासणी न चुकता करावी, कारण परीक्षकांना ही जागा फार प्रिय आहे.

मराठीची ही कसोटी एका ठिकाणी मात्र दगा देते. ‘यू रीप व्हॉट यू सो’ याचे मराठी ‘जे पेराल तेच तुमच्या पदरी पडेल’ असे होते. इथे ‘ज’चा शब्द आला, तरी शालेय व्याकरण आणि परीक्षा दोन्ही याला नाऊन क्लॉजच म्हणतात, कारण ‘जे’च्या किंवा ‘ते’च्या पुढे नाम नाही आणि ‘रीप’ या क्रियापदाचे कर्म हेच उपवाक्य आहे. ‘गिव्ह इट टू हूएव्हर आस्क्स फॉर इट’, म्हणजे ‘जो मागेल त्याला दे’, याचेही तसेच. गंमत अशी की २००२ साली केंब्रिजने प्रसिद्ध केलेल्या हडलस्टन आणि पुलम या भाषाशास्त्रज्ञांच्या इंग्रजी व्याकरणात या ‘व्हॉट यू सो’ला बाकीच्या नाऊन क्लॉजपासून वेगळे काढून संबंधी, म्हणजे ‘जो–तो’ वळणाच्या, रचनांमध्ये बसवले आहे, मराठीचा ‘जे–ते’ तेच सुचवत होता. परीक्षेत अर्थातच रूढ नावच लिहावे. ‘ज’चा शब्द आला पण त्याच्याजवळ नाम नाही आणि झाकलेल्या जागी ‘समथिंग’ किंवा ‘समवन’ बसते आहे, तर उत्तर नाऊन क्लॉज.

नामाच्या जागा इंग्रजीत थोड्याच आहेत, त्यामुळे त्यांची यादी मी लांबवत नाही. कर्ता (‘व्हॉट ही सेड सरप्राइझ्ड एव्हरीवन’), कर्म, ‘इज’च्या पुढचे पूरक (‘द ट्रबल इज दॅट वी आर लेट’), ‘ऑन’ किंवा ‘अबाउट’सारख्या शब्दाच्या पुढची जागा, आणि वर पाहिलेली ‘न्यूज’च्या शेजारची जागा. ‘आय ॲम शुअर दॅट ही विल पास’ यातील उपवाक्यालाही आपल्याकडच्या परीक्षांत नाऊन क्लॉज म्हणण्याचाच प्रघात आहे. थोडे थांबायला हवे ते ‘इट’ने सुरू होणाऱ्या वाक्यांपाशी. ‘इट इज ट्रू दॅट ही फेल्ड’ यात खरा कर्ता ‘दॅट ही फेल्ड’ हाच आहे. पण एवढा लांब कर्ता वाक्याच्या तोंडाशी इंग्रजीला जड वाटतो, म्हणून ती एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसा ‘इट’ टाकून ठेवते आणि खरा प्रवासी मागून येऊन बसतो. आपणही ‘हे खरे आहे की तो नापास झाला’ असे म्हणतो, तेव्हा ‘हे’ त्याच कामावर असतो.

एक मोठे वाक्य उलगडून पाहू, कारण परीक्षेत गोंधळ होतो तो अशाच वाक्यांत. ‘द मिनिस्टर सेड दॅट द फार्मर्स हू लॉस्ट देअर क्रॉप्स वुड बी पेड व्हेन द सर्व्हे वॉज कम्प्लीट.’ आधी काळ दाखवणारी क्रियापदे मोजा: ‘सेड’, ‘लॉस्ट’, ‘वुड बी पेड’, ‘वॉज’. क्रियापदे चार, म्हणजे वाक्येही चार, त्यांतले एक मुख्य. बहुतेक विद्यार्थी ‘दॅट द फार्मर्स’ इथेच नाऊन क्लॉज तोडतात, कारण पुढे ‘हू’ आल्यावर नवे काहीतरी सुरू झाले असे त्यांना वाटते. आता मराठी वर्तमानपत्रात हीच बातमी कशी येईल ते पाहा: ‘ज्या शेतकऱ्यांचे पीक गेले आहे त्यांना पंचनामा पूर्ण होईल तेव्हा पैसे दिले जातील, असे मंत्र्यांनी सांगितले.’ ‘असे’च्या आधीचे सगळेच्या सगळे मंत्र्यांनी सांगितलेले आहे, म्हणून ते सगळे मिळून एक नाऊन क्लॉज आहे. त्याच्या पोटात ‘ज्या शेतकऱ्यांचे’ हा ॲडजेक्टिव्ह क्लॉज आणि ‘होईल तेव्हा’ हा ॲडव्हर्ब क्लॉज आहे. मराठीच्या ‘असे’ने नाऊन क्लॉजची हद्द इतकी स्वच्छ आखली आहे की पेन्सिल घेऊन रेघ मारावी. तुम्ही रोज वाचता त्या मराठी बातम्यांत असा ‘असे’ जवळजवळ प्रत्येक परिच्छेदात सापडेल.

आता तुमच्या लेखी चुकीकडे येऊ. ‘आय डोन्ट नो व्हेअर डज ही लिव्ह’ ही चूक मराठीमुळे झाली असे तुमच्या सरांना वाटते. मला तसे वाटत नाही. मराठीत ‘तो कुठे राहतो?’ हा प्रश्न आणि ‘तो कुठे राहतो हे मला माहीत नाही’ हे विधान, दोन्हींत शब्दांचा क्रम तोच राहतो. मराठीच्या वळणाने लिहिले असते तर तुमच्या हातून ‘व्हेअर ही लिव्ज्’ असेच उतरले असते आणि ते बरोबर ठरले असते. चूक आली ती शाळेत घोटून घेतलेल्या इंग्रजी प्रश्नरचनेतून. ‘व्हेअर’ म्हटले की पुढे ‘डज’ हे इतके अंगवळणी पडले आहे की उपवाक्यातही हात थांबत नाही. इंग्रजीत प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात शिरला की त्याचे प्रश्नपण जाते: ‘डज’ गळतो, त्याने धरून ठेवलेला ‘स’ क्रियापदाला परत मिळतो आणि ‘लिव्ह’चे ‘लिव्ज्’ होते. ‘टेल मी व्हॉट इज युअर नेम’ ऐवजी ‘टेल मी व्हॉट युअर नेम इज’ म्हणायचे तेही याच कारणाने. बाहेरचे वाक्य प्रश्नार्थक असले तरी आतला क्रम सरळच राहतो: ‘कॅन यू टेल मी व्हेअर द स्टेशन इज?’

मराठी खरोखर आडवी येते ती दुसरीकडे. ‘त्याने सांगितले की मी उद्या येतो’ हे मराठीत निर्दोष आहे. बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे उपवाक्यात ठेवण्याची आपल्याला मुभा आहे. ते तसेच इंग्रजीत नेले तर ‘ही सेड दॅट आय ॲम कमिंग’ होते, आणि वाचणाऱ्याला वाटते की येणार आहात तुम्ही. तिथे ‘ही सेड दॅट ही वॉज कमिंग’ असे पुरुष आणि काळ दोन्ही बदलावे लागतात. सांगितलेली गोष्ट आजही तशीच असेल तर मात्र काळ बदललाच पाहिजे असे नाही. ‘ही सेड दॅट ही लिव्ज् इन नाशिक’ चालते. ‘याबद्दल खात्री आहे की’ यातल्या ‘बद्दल’मुळे ‘शुअर अबाउट दॅट ही विल पास’ असे लिहिले जाते. ‘दॅट’ने सुरू होणाऱ्या उपवाक्याच्या आधी ‘अबाउट’, ‘ऑफ’ असे शब्द येत नाहीत. ‘व्हॉट’, ‘व्हेदर’, ‘हाऊ’ यांच्या आधी येऊ शकतात. आणि ‘की नाही’ या अर्थाचे उपवाक्य वाक्याच्या सुरुवातीला असेल किंवा ‘ऑन’, ‘अबाउट’ यांच्या नंतर असेल, तर ‘इफ’ न वापरता ‘व्हेदर’ वापरावा: ‘इट डिपेंड्स ऑन व्हेदर इट रेन्स’.

राहिला तुमच्या तीन मार्गांचा प्रश्न. नवी शिकवणी केवळ या प्रकरणासाठी लावू नका. ज्या दोन-चार तपासण्या वर आल्या त्यापलीकडे तिथे फारसे काही मिळणार नाही, आणि बहुधा दुसऱ्या रंगात छापलेला तोच तक्ता मिळेल. तुमचे लेखन तपासून देणारे कोणी हवे असेल तर गोष्ट वेगळी, पण त्यासाठी एखादी इंग्रजीची शिक्षिका किंवा चांगले इंग्रजी लिहिणारी सहाध्यायी पुरते. मैत्रिणीचा मालिकांचा सल्ला अगदी टाकाऊ नाही. ‘आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्ज्’ हा क्रम कानावर वारंवार पडला की हात आपोआप सुधारतो. पण पडद्यावरचे पात्र तुम्हाला क्लॉजचे नाव सांगणार नाही, आणि तुमच्या प्रश्नपत्रिकेला नाव हवे आहे. मालिका जेवताना पाहा. तो अभ्यास समजू नका.

मी तुमच्या जागी असते तर इंग्रजी वर्तमानपत्राच्या अग्रलेखातून रोज पाच वाक्ये वहीत उतरवली असती. प्रत्येकातील क्रियापदांखाली रेघ, उपवाक्यांना कंस, मग झाकून पाहण्याची कसोटी, आणि शंका राहिली तरच मराठी. पंधरवड्यानंतर दिशा उलटी करा: मराठी बातमीतील ‘असे’, ‘हे’, ‘ते’ यांवर खूण करा आणि ती वाक्ये इंग्रजीत लिहा. पहिली दिशा बहुपर्यायी प्रश्नांसाठी आहे, दुसरी लेखी उत्तरांसाठी, आणि तुमच्या दोन प्रकारच्या चुकांना एकच औषध लागू पडणार नाही हे ध्यानात असू द्या. राज्य लोकसेवा आयोगाच्या संयुक्त मुख्य परीक्षेची तयारी करणाऱ्यांचा यात आणखी एक लाभ आहे. तिथे मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांचे प्रश्न असतात, आणि मराठी व्याकरणात मिश्र वाक्याखाली तुम्ही जी नामवाक्य, विशेषणवाक्य, क्रियाविशेषणवाक्य शिकलात ती हीच तीन मंडळी आहेत. ही दोन प्रकरणे दोन वेगळ्या वह्यांत, दोन वेगळ्या वारी का वाचली जातात हे मला कधी उमगलेले नाही.

सरांशी वाद घालण्यात अर्थ नाही. ‘व्हेअर’ची ती तीन वाक्ये फळ्यावर लिहून “सर, यांचे प्रकार कसे ओळखायचे?” एवढे विचारा. बहुतेक शिक्षक अशा वेळी तक्ता बाजूला ठेवून नीट समजावतात; त्यांनाही वेळेअभावी तक्त्याचा आधार घ्यावा लागलेला असतो.

हे उत्तर वाचणाऱ्यांत परीक्षा न देणारेही असतील. कचेरीतल्या इंग्रजी ईमेलमध्ये नाऊन क्लॉजवाचून पान हलत नाही: ‘प्लीज लेट मी नो व्हेन यू विल बी फ्री’, ‘काइंडली कन्फर्म व्हेदर द पेमेंट हॅज बीन मेड’. अशांनी क्लॉजच्या नावांच्या वाटेला जाऊ नये. पोटातल्या प्रश्नाचा क्रम सरळ आहे ना, एवढेच पाठवण्यापूर्वी पाहावे. दहावीच्या मुलांना घरी शिकवणाऱ्या आईवडिलांनी व्याख्येपासून सुरुवात न करता ‘कोण’ आणि ‘जो’ यांच्या जोड्या मुलांकडून मराठीत बोलवून घ्याव्यात. मुलाला ‘दारात कोण आहे ते बघ’ आणि ‘दारात जो माणूस आहे त्याला बोलाव’ यांतला फरक कळतोच. त्याला फक्त इंग्रजीने दोन्हीकडे ‘हू’ घातला आहे हे दाखवायचे असते.

आता तुमचा ताजा कलम. ‘आय थिंक ही इज राइट’ यात ‘दॅट’ दिसत नाही, तरी ‘थिंक’ आणि ‘इज’ अशी दोन क्रियापदे आहेत, म्हणजे वाक्ये दोन आहेत. ‘ही इज राइट’ हा नाऊन क्लॉजच आहे आणि हे मिश्र वाक्य आहे. ‘तो बरोबर आहे असे मला वाटते’ या मराठी वाक्यातला ‘असे’ त्याची साक्ष देईल. ‘नो’, ‘थिंक’, ‘से’, ‘होप’ अशा रोजच्या क्रियापदांच्या नंतर ‘दॅट’ गाळला तरी चालतो. मात्र उपवाक्य कर्त्याच्या जागी वाक्याच्या तोंडाशी असेल तर तो गाळता येत नाही: ‘दॅट ही फेल्ड सरप्राइझ्ड अस’ यातला ‘दॅट’ काढला की ‘ही फेल्ड’ हेच मुख्य वाक्य वाटून वाचणारा ‘सरप्राइझ्ड’पाशी ठेचकाळतो. लेखी उत्तरात तर तुम्ही तो सगळीकडे लिहावा. एक जास्तीचा शब्द लिहिल्याबद्दल कोणी गुण कापत नाही, आणि लिहिताना तुम्हालाही दिसत राहते की नाऊन क्लॉज कुठून सुरू झाला.